बघायला येणार आहेत

सपकाळे म्हणाला, ताई, आधी ड्रम हलवा.
गिऱ्हाइकाची पहिली नजर ड्रमांवर जाते
आणि तिथंच दोन लाख उतरतात.

चार निळे, एक काळा.
काळ्याचं झाकण उडतं म्हणून त्यावर वीट.
आम्ही दोघांनी ते तिरके करत, गोल गोल फिरवत
झोपे वहिनींच्या जिन्याखाली नेऊन ठेवले.
वीट मी वेगळी नेली, पदराखाली,
कुणी पाहिलं असतं तर काय समजलं असतं, देव जाणे.

मग गच्चीवरच्या बिबड्या.
भुसावळचं मे महिन्याचं ऊन दुपारपर्यंत त्यांचं काम उरकतं,
पण सपकाळेने वेळ दिलेली अकराची.
अर्ध्या ओल्याच सोडवल्या लुगड्यावरून.
आज वांगीही भाजायची नाहीत.
तव्यावर चमचाभर कॉफी भाजा म्हणाला, नुसत्या वासाला.
आमच्यात कॉफी कुणी पीत नाही.

त्याने भाड्याच्या दोन कुंड्या आणल्या.
एकीतलं झाड खरं होतं.
मी दोन्हींना पाणी घातलं.

घर म्हणजे उपवर पोरगी, ताई, तो म्हणाला.

मला बघायला आले तेव्हा आईने माझा चष्मा
तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला होता.
पोह्यांची बशी मी लाजत लाजत
ह्यांच्याऐवजी ह्यांच्या मावसभावाला दिली.
लग्नानंतर नवव्या दिवशी चष्मा घातला
तर हे म्हणाले, बरं झालं,
मला वाटत होतं, मी तुला आवडत नाही.
सपकाळेला यातलं काही सांगितलं नाही.

शेवटी राहिली मोरीच्या दाराची मागची बाजू.
तिथं पेन्सिलीने पाण्याच्या तारखा,
सतरा वर्षांच्या, खालून वर, मग जागा संपली तशा आडव्या.
कुठं आठवा दिवस, कुठं अकरावा,
एका ठिकाणी नुसतं ‘नाही’,
एका ठिकाणी ह्यांच्या अक्षरात ‘गढूळ. उकळ.’
पोराने आयव्हरीचे दोन हात मारले.
ब्रश धुऊन तो गेला तेव्हा लक्षात आलं,
आता पाणी कधी येणार ते मला माहीत नाही.

पुण्याला, जिथं आम्ही जाणार, नळ सोडला की येतं.
लेक हसते, मी तिथंही निजताना बादली भरून ठेवते.

तायडे आले, लोको शेडमधले, आणि त्यांची बायको प्रणिता.
ते छताला बोटाने टोकता येईल का बघत होते,
सपकाळे हवा कुठून येते, कुठं जाते ते हातांनी दाखवत होता,
ती खाली बघत होती.
फरशीवर पाच फिकट गोल,
ॲसिडलाही न हटलेले.
चारांवर आम्ही चटई टाकलेली.
पाचव्यात ती उभी राहिली, पाय जुळवून,
आणि मला म्हणाली, कितव्या दिवशी?

सपकाळे खोकला.
ह्यांनी पंख्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, आठव्या. उन्हाळ्यात देवाच्या भरवशावर.
आमच्याकडे दहाव्या, ती म्हणाली,
आणि मग कुठं तिने मान वर करून घर बघितलं,
ओटा, खिडकी, नळाची उंची.
जाताना चपलेत पाय घालत विचारलं,
ड्रम ठेवून जाल का?

फोन अजून आलेला नाही.

रात्री पावणेतीनला नळाने आधी हवा फुंकली,
मग खडखडला, मग आलं.
झोपे वहिनींचं दार वाजवलं.
ड्रम आले, वीट आली,
अंधारात चाचपडावं लागलं नाही,
काळा आपल्या गोलात बरोब्बर बसला.
कुंड्या सरकवल्या कोपऱ्यात, खोटीची माती अजून ओली होती.

पाईप गुंडाळून झाल्यावर
मी दाराआड गेले आणि कोऱ्या रंगावर पेन्सिल टेकवली.
रंग पुरता वाळला नव्हता.
टोक जरा रुतलं.